बारा बाय दहा

"हॅलो, कोण हवंय?" एवढंच कानात पडलं आणि मला कळलं, आवाज बाबांचा होता. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. सकाळपासूनचा माझा एकोणिसावा फोन. आमच्या पाहणी केंद्रात नंबर आम्ही लावत नाही, यंत्र लावतं, कुठलाही, कुणाचाही. पडद्यावर त्याचे शेवटचे आकडे फुल्यांनी झाकलेले असतात, म्हणजे प्रश्न विचारणारीला कुणाचा पत्ता लागू नये. अकरा वर्षांत त्या फुल्यांच्या पलीकडून हजारो माणसं माझ्याशी बोलली, चिडली, दोन-चार रडली, एकाने तर मला लग्नाचंही विचारलं; पण ओळखीचं माणूस एकदाही निघालं नव्हतं. निघालं तर काय करायचं ते नियमात आहे. 'क्षमा करा, नंबर चुकला' म्हणायचं, सातचं बटण दाबायचं आणि पुढचा फोन घ्यायचा, कारण माणूस ओळखीच्यांशी खरं बोलत नाही. नव्या मुलींना हे मीच शिकवते. त्या दुपारी मात्र सातवर बोट ठेवून मी ते दाबलं नाही.

का दाबलं नाही याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नसतं, आता येतं. तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. घरातल्या बाबांचा आवाज माझ्या चांगला ओळखीचा: 'हो', 'चालेल', 'तू म्हणशील तसं', 'मला काय, कुठलंही चालतं'. आई गेल्यापासून, म्हणजे गेली नऊ वर्षं, तो आवाज असा हळूहळू विरत गेलेला. दुपारच्या फोनवरचा माणूस मात्र इस्त्रीचा शर्ट घालून बसल्यासारखा बोलत होता. हा कोण, हे मला बघायचं होतं. शिवाय त्यांनी मला ओळखायची भीती नव्हती. आमचा कामाचा आवाज निराळा असतो, एक पट्टी खाली, सावकाश, त्यात कसलीही मायाबिया नाही. तो कमवायला मला वर्ष लागलं. आमच्यापैकी कुणी स्वतःचं नाव सांगत नाही, नंबर सांगतो. मी सव्वीस. बाबांचा डावा कान तर कधीच गेलेला, आणि उजव्यावर ते रिसीव्हर असा दाबून धरतात की पलीकडचं माणूस त्यांना बोगद्यातून ऐकू येत असावं.

मी पडद्यावरचं वाचायला लागले. लोकांना राहण्यासाठी कोणती ठिकाणं आवडतात याविषयी आम्ही पाहणी करत आहोत, वीसेक मिनिटं लागतील, आपली उत्तरं कुणालाही सांगितली जाणार नाहीत. हे शेवटचं वाक्य मी दिवसातून वीस-पंचवीस वेळा म्हणते, आणि ते म्हणताना मनात दुसरंच काहीतरी चालू असतं. त्या वेळी मात्र ते म्हणताना मला माझेच शब्द ऐकू आले, आणि पलीकडून बाबा म्हणाले, "विचारा मॅडम, विचारा. माझी मुलगीसुद्धा असलंच काहीतरी काम करते. लोक तोंडावर फोन आपटतात म्हणते. मी नाही आपटणार."

वय विचारलं. "एकाहत्तर," बाबा म्हणाले. चौऱ्याहत्तर पूर्ण झालीत. मला हसू आलं ते मी दाताखाली दाबलं. आणि तिथंच माझी खात्रीही पटली. पुढं मला कितीदा तरी शंका आली की त्यांनी आवाज ओळखला असेल, सगळं मला ऐकवायला म्हणून बोलले असतील. पण ओळखलं असतं तर वयाची तीन वर्षं चोरायची त्यांची छाती झाली नसती. त्यांचे दवाखान्याचे सगळे कागद, वयासकट, मीच भरते.

तो आठवडा मोठा गमतीचा चालला होता. 'जगात कुठंही राहायची मुभा मिळाली तर आपल्याला सर्वांत जास्त कुठं राहायला आवडेल?' हा मुख्य प्रश्न. लोकांना वाटतं तो सोपा आहे. पहिल्या सेकंदाला कुठल्यातरी दूरच्या देशाचं नाव येतं, डोंगर आणि बर्फ असलेल्या किंवा समुद्र असलेल्या, ते मी टिपते. मग मी 'का' विचारते, आणि तिथं लोक घोटाळतात. एका बाईंनी आधी विचारलं, भाडं कोण भरणार? एका गृहस्थाने रिसीव्हरवर हात ठेवून बायकोला विचारलं आणि त्यांचं जे जुंपलं, ते मी सहा मिनिटं ऐकत होते. एक मुलगी म्हणाली, आमच्याच इमारतीत, पण चौथ्या मजल्यावर, तिथल्यांना गच्ची आहे. आणि या सगळ्यांत मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. विचारायची गरजच नव्हती. माझं उत्तर तयार होतं, सगळ्यांना पाठ होतं: बाबा आहेत ना. बदली का घेत नाहीस? बाबा आहेत ना. सहलीला का येत नाहीस? बाबा आहेत ना. एका चांगल्या माणसाने सहा वर्षांपूर्वी तीन महिने वाट पाहिली, त्यालाही मी हेच सांगितलं, आणि सांगताना माझ्या चेहऱ्यावर एक प्रकारचं तेज होतं असं आमच्या केंद्राच्या निरीक्षकबाई म्हणाल्या होत्या. त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत मला पुन्हा एकदा तेच सांगायचं होतं. सातशे किलोमीटरवरच्या शहरात आमचं नवं केंद्र उघडत होतं, साठ खुर्च्यांचं, आणि ते मी चालवावं असं पत्र दोन आठवडे माझ्या खणात पडलं होतं. तिसऱ्यांदा विचारणा झाली होती. चौथ्यांदा होणार नाही, असं त्यात जरा गोड शब्दांत लिहिलेलं होतं. नकाराचा कागद मी सकाळीच लिहून ठेवला होता, फक्त सही बाकी होती.

"जगात कुठंही राहायची मुभा मिळाली तर आपल्याला सर्वांत जास्त कुठं राहायला आवडेल?"

"बारा बाय दहा," बाबा म्हणाले.

आम्हाला चकित व्हायची परवानगी नाही. 'हं' म्हणायचं तेसुद्धा सपाट. मी म्हणाले, "कृपया अधिक सांगाल?"

"खोली. बारा फूट बाय दहा फूट. त्याहून मोठी नको, झाडायला त्रास. खिडकी पूर्वेला, खिडकीखाली टेबल, टेबल भिंतीत बसवलेलं, पाय नकोत. पलंग दाराच्या मागच्या भिंतीला, म्हणजे दार उघडलं तरी बाहेरच्याला तो दिसू नये. एका कोपऱ्यात शेगडी, चहापुरती. आणि दाराला आतून कडी. ती लिहा बरं का मॅडम. आतून."

बाबा आराखडे काढायचे. चाळीस वर्षं एका इंजिनियरच्या कचेरीत उंच स्टुलावर बसून त्यांनी परक्या लोकांच्या खोल्या कागदावर मांडल्या. लहानपणी मला कोणाच्या घरी नेलं की ते दारातच उभे राहून मनात मापं घ्यायचे आणि घरी येऊन आईला सांगायचे, स्वयंपाकघर दीड फुटाने हुकलंय. आई म्हणायची, आपलं कुठं बरोबर आहे. आमच्या तिघांचं घर दीड खोलीचं. ते त्यांनी काढलेलं नव्हतं, भाड्याने मिळालं तसं घेतलं होतं. पुढं मी ते शेजारच्या खोल्यांसकट विकत घेतलं, मधली भिंत पाडली, बाबांना मागची खोली दिली. ही खोली कशी हवी असं मी त्यांना विचारलं होतं का? विचारलं होतं. 'तू म्हणशील तसं' म्हणाले होते. मग मी म्हटलं तसं केलं. चार वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून ते पडले, दार आतून लावलेलं होतं, ते फोडायला वीस मिनिटं गेली, आणि त्या आठवड्यात मी घरातल्या सगळ्या आतल्या कड्या सुताराकडून काढून घेतल्या. सुताराने विचारलं, सगळ्या? मी म्हटलं, सगळ्या. बाबा तेव्हा पायाला प्लास्टर घालून बसलेले होते आणि एकेक स्क्रू निघताना बघत होते. मला वाटलं, त्यांना सुरक्षित वाटतंय.

पडद्यावर देशांची यादी होती आणि यादीतलं एक निवडल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मी विचारलं, "ही खोली कोणत्या देशात, कोणत्या शहरात असावी?"

"कुठलाही लिहा. आत शिरल्यावर काय फरक पडतो?" मग जरा थांबून म्हणाले, "याच शहरात चालेल. चार रस्ते पलीकडे. ओळखीचे दुकानदार बरे पडतात."

'इतर' या रकान्यात उत्तर जसंच्या तसं लिहायचं असतं, आपल्या शब्दांत नाही. मी लिहीत गेले. बारा बाय दहा. पूर्वेला खिडकी. आतून कडी. बोटं बिचारी कामाला लागली होती, त्यांना काय. 'सध्या राहता त्या जागेविषयी आपण किती समाधानी आहात, दहापैकी गुण द्या.' बाबांनी विचारलं, पैकीच्या पैकी दिले तर ते खोटं ठरेल का? मी म्हणाले, आपल्याला वाटेल ते सांगा. "सहा," बाबा म्हणाले. आमच्या शाळेत सहाला कुणी ओवाळायचं नाही. न्हाणीघरातला न घसरणारा गालिचा, पलंगाशेजारची घंटी, मीठ कमी घातलेलं जेवण, दर रविवारी नखं कापून देणं, या सगळ्याचे मिळून सहा. 'न आवडणारी एखादी गोष्ट?' पलीकडे खुर्ची करकरली. "मुलगी फार चांगली आहे," बाबा म्हणाले, आणि माझ्या लक्षात आलं की आता वाईट येणार, कारण अकरा वर्षांत लोकांनी वाईट बोलायच्या आधी हेच म्हटलेलं आहे. "सुट्टीच्या दिवशी मी दुपारी आडवा झालो की ती दाराशी येऊन उभी राहते. श्वास चालू आहे का बघते. मी जागाच असतो. मग मी मुद्दाम थोडं घोरतो, म्हणजे ती जाते."

ते घोरणं मी ओळखते. ते ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन किती निर्धास्त मनाने चहा टाकत असे.

शेवटून दुसरा प्रश्न: 'आपल्या आवडीच्या ठिकाणी राहायला जाण्यात सर्वांत मोठी अडचण कोणती?' पर्याय वाचून दाखवायचे असतात. पैसा, नोकरी, भाषा, परवाना, प्रकृती, कुटुंब. बाबांनी मला यादी पुरी करू दिली नाही.

"पैसा आहे माझ्यापाशी, पेन्शन पडून आहे. प्रकृतीही ठीक आहे. अडचण म्हणजे मुलगी."

"कृपया अधिक सांगाल?" माझा आवाज एक पट्टी खालीच राहिला. याचा मला आजही अभिमान वाटतो.

"ती एकटी पडेल हो. त्रेचाळिशीची झाली. तिला दुसरं काही नाही. संध्याकाळी घरी यायचं ते माझ्यासाठी, रांधायचं ते माझ्यासाठी, कुणाशी बोलायचं तर माझ्या तब्येतीबद्दल. मी उठून गेलो तर ती काय धरून उभी राहील? तिला वाटतं, ती मला सांभाळते. वाटू दे." आणि मग, जरा घसा साफ करून, "हे कुठं छापून येणार नाही ना?"

"नाही. कुणालाही सांगितलं जाणार नाही."

"मग लिहा. नीट लिहा."

फोन संपल्यावर नियमाप्रमाणे पडद्यावर चौकट येते: मुलाखत ग्राह्य की बाद. मी बाद करायला हवी होती. नियम माझ्याइतका कुणाला माहीत आहे? पण माणसाने आयुष्यात एकदा तोंड उघडून आपल्याला काय हवं ते सांगितलं आणि मीच ते पुसायचं, हे माझ्याच्याने झालं नाही. ग्राह्य केली. नोकरीत मी केलेला हा एकच लबाडपणा, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. मग मी हेडफोन काढून ठेवला आणि चहाच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

पहिल्यांदा राग आला. चांगला सणसणीत राग. माझ्या आयुष्याची नऊ वर्षं मी ज्याच्या नावावर मांडली तो माणूस माझ्यावर दया करत बसला होता. मी त्याच्यासाठी राहिले आणि तो माझ्यासाठी राहिला, आणि राहायचं होतं दोघांनाही दुसरीकडेच. पण इथं मी अडखळले. दोघांनाही? बाबांना कुठं राहायचंय ते आता मला फुटा-इंचात माहीत होतं. मला कुठं? मी स्वतःला प्रश्न जसाच्या तसा विचारला, कामाच्या आवाजात, मनातल्या मनात. जगात कुठंही राहायची मुभा मिळाली तर. आणि जिला फोनवर आम्ही 'दीर्घ शांतता' म्हणतो आणि जिच्यात मध्ये बोलायचं नसतं, ती पडली. भिंतीवर आग लागल्यास काय करावे याचा तक्ता होता, तो मी वरपासून खालपर्यंत वाचला. उत्तर आलं नाही. एखाद्याला अमुक देश, एखाद्याला गच्ची, बाबांना कडी, आणि मला काहीच नाही. 'बाबा आहेत ना' हे वाक्य मी इतकी वर्षं दारात उभं केलं होतं की आत कुणी आहे का हे मी बघितलंच नव्हतं. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं खरं होतं: तिला दुसरं काही नाही. ते ऐकून रडायला यायला हवं होतं. तसं झालं नाही. उलट मला एकदम फार भूक लागली.

दोन गोष्टी मी तिथं बसून ठरवल्या. एक, त्यांनी सांगितलेलं मला कळलंय हे त्यांना कधीही कळू द्यायचं नाही. शब्द दिलेला आहे, तो सव्वीस नंबरने दिला म्हणून काय झालं. दुसरी, मी जाणार. तिकडे काय हवंय ते तिकडे जाऊन बघेन, पण जाणार.

निरीक्षकबाई काचेच्या खोलीत खाली मान घालून तक्ते बघत होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "काय गं सव्वीस, एकोणिसाव्याला पंचवीस मिनिटं?"

"म्हातारे गृहस्थ होते. सविस्तर बोलले."

"आणि रंग का उडालाय तुझा?"

"बाई, नव्या केंद्राचं पत्र आहे ना, ते मी घेतेय."

आता त्यांनी मान वर केली. त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर असतो, तो त्यांनी काढला. "आणि वडील?"

"वडिलांचं वडील बघतील," मी म्हणाले. हे इतकं निर्दय वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं आणि ते बऱ्यापैकी जमलं. बाईंनी कागद पुढं सरकवला. नकारावर करायची सही मी होकारावर केली.

घरी मी चालत गेले. चाळीस मिनिटांचा रस्ता. सांगायचं कसं याची तालीम करत होते, ओठ हलत असावेत, कारण फुलवाल्याच्या दुकानासमोर एका बाईने मला वाट करून दिली. वाक्य सोपं नव्हतं. 'बाबा, तुम्हाला मोकळं राहता यावं म्हणून' असं काही म्हणायची सोय नव्हती. त्यात त्यांची चोरी उघडी पडली असती. 'कंपनी ऐकत नाही, जावंच लागतंय' हे सगळ्यात सोपं होतं, तोंडावर आलेलं होतं, आणि तेच म्हणायचं नाही असं मी स्वतःला बजावत होते. जावंच लागतंय म्हणणारी मुलगी बिचारी असते, आणि बिचाऱ्या मुलीसोबत बाप जातोच. मला जायचंय, असंच म्हणायला हवं होतं. मी ते दोन शब्द कधी जोडीने वापरले होते का, आठवत नव्हतं. वाण्याकडे मी 'बाबांना बिस्किटं हवीत' म्हणते. डॉक्टरकडे, बँकेत, शेजारी, सगळीकडे हवं ते बाबांनाच असतं. त्या रस्त्यावर मी 'मला जायचंय' हे पंचवीस-तीस वेळा तरी म्हटलं असेल, आणि शेवटी शेवटी ते जरा ओळखीचं वाटू लागलं.

जेवताना बाबा नेहमीसारखेच होते. भाजी कशी झालीय विचारलं तर म्हणाले, छान. मी त्यांच्याकडे निरखून बघत होते. कुठं होता तो दुपारचा माणूस? बोटं तीच, आराखड्याची, घास घ्यायच्या आधी ताटातले पदार्थ सरळ रेषेत लावणारी. मला ते एकदम परके वाटले, आणि परक्या माणसाविषयी वाटतं तसं कुतूहल वाटलं, आणि त्यामागून इतकं प्रेम आलं की मी पाण्याचा पेला उचलला आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

"बाबा, दुसऱ्या शहरात आमचं नवं केंद्र निघतंय. मला तिथं नेमलंय. मी हो म्हणून आलेय."

त्यांचा हात थांबला. चेहऱ्यावर आधी काहीतरी उजळलं, मी ते स्पष्ट बघितलं, आणि मग त्यांनी ते आवरून ठेवलं आणि तो रोजचा विरलेला आवाज काढला. "बरं. मग केव्हा बांधाबांध करायची? माझं सामान फार नाही."

हे येणार हे मला कळायला हवं होतं. चाळीस मिनिटं तालीम केली आणि हे एक वाक्य मी धरलंच नव्हतं.

"तुम्ही नाही येणार," मी म्हणाले.

"अगं, तू एकटी काय करणार तिकडे? नवं गाव. घरी आल्यावर कुणीतरी असलेलं बरं. मला काय, कुठलंही चालतं."

आता थांबले असते तर सगळं होतं तसं झालं असतं. तेच दोघं, दुसऱ्या शहरातलं दुसरं घर, आणि जन्मभर एकमेकांवर उपकार. मी ताट बाजूला सारलं. त्यांना वाईट वाटू दे, त्यांनी मला कृतघ्न म्हणू दे, चार नातेवाईक काय ते बोलू देत, हे मी मनाशी पक्कं केलं आणि कामाचा नाही, माझा आवाज काढला. तो जरा चिरकाच निघाला.

"मला एकटीला जायचंय, बाबा. मला तिथं तुम्ही नको आहात."

हे त्यांच्यासाठी रचलेलं वाक्य होतं. त्यांना सोडवायला म्हणून, कठोर व्हायचं म्हणून रचलेलं. आणि ते अर्ध्यावर आलं तेव्हा मला कळलं की मी खोटं बोलत नाहीये. घरी आल्यावर कुणीही नसलेलं दार, आत अंधार, मी कुलूप काढतेय, कुणाला काय हवंय हे विचारायचं नाहीये: हे सगळं मला त्या एका वाक्याच्या मधोमध दिसलं आणि ते मला हवं होतं. माझे कान तापले. बाबांच्याही ते लक्षात आलं असावं. वर्षानुवर्षं खरंखोटं सगळं सपाट आवाजात झाकून बसलेली आम्ही दोघं, आणि त्यांनी माझ्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी असं बघितलं ज्याला त्यांच्या खोलीसारखी नेमकी मापं होती.  त्यांची पाठ सरळ झाली. दुखावल्याचं मला कुठं दिसलं नाही. मी शोधलं, अगदी शोधलं.

"कधी?" बाबांनी विचारलं, दुपारच्या आवाजात, आणि इतक्या पटकन विचारलं की मला हसू फुटलं, आणि ते पुरतं फुटायच्या आत डोळे भरून आले.

"एक तारखेला," मी म्हणाले.